डावीकडचा माणूस

खुर्च्या आडनावांच्या क्रमाने लावल्या आणि तिथेच माशी शिंकली.

थोरले पंपवाले आणि धाकटे पंपवाले शेजारी-शेजारी आले. सख्खे भाऊ. वडिलांच्या कारखान्यात मधोमध भिंत घालून बसलेले, आणि भिंत उभी राहिल्यापासून एकमेकांशी अवाक्षर न बोललेले. महासंघाच्या कचेरीत हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिला नव्हतं. खुर्च्या लावणारी ती कचेरीत नवी होती.

"मॅडम, काय केलंत हे!" सचिव तिच्या कानाशी कुजबुजले. "विळा आणि भोपळा एका टोपलीत?"

"उठवू का एकाला?"

"आता उठवलंत तर दोघंही तडक घरी जातील. आणि परदेशातल्या लोकांना हवेत तेवढे पंप एकट्याच्या कारखान्याला झेपणारे नाहीत. एक गळला की दुसराही गेला."

परदेशी व्यापाऱ्यांशी देशातल्या उद्योजकांचं सूत जुळवून द्यायचं, हे महासंघाचं काम. येत्या आठवड्यात शिष्टमंडळ निघायचं होतं आणि आज त्याची रंगीत तालीम होती. दरवेळी जो तो तिकडे जाऊन आपलीच टिमकी वाजवायचा आणि समोरचे जांभया द्यायचे. म्हणून या वेळी नियम केला होता : स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आपल्या डावीकडच्या माणसाची ओळख करून द्यायची. कल्पना तिचीच होती. आता ती तिच्याच अंगाशी येणार होती.

मोबाइलवर आईचा निरोप येऊन पडला होता, 'तुझी लेक मजेत आहे, काळजी करू नकोस.' म्हणजे काळजी करण्यासारखं नक्की काहीतरी झालं असणार. तिने मोबाइल उलटा ठेवला. एका वेळी एकच धसका पुरे.

छत्रीवाल्यांनी बटणवाल्यांची ओळख करून दिली. "साऱ्या देशाची अब्रू यांच्या हातात आहे. एक बटण तुटलं की संपलं!" हशा झाला. बटणवाल्यांनी थोरल्यांना जिभेवर साखर ठेवून पेश केलं. मग थोरले उठले.

"हे पंप करतात," ते पंख्याकडे बघत म्हणाले आणि बसले.

धाकटे आपली नखं न्याहाळत राहिले. सचिवांनी डोळे मिटले.

रुसलेल्या पोराला 'का रुसलास' असं विचारायचं नसतं, एवढं ती घरी शिकली होती. भलतंच काहीतरी विचारायचं. ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

"मी तिकडची खरेदीदार आहे. मी काही यांना ओळखत नाही. तुम्ही ओळखता?"

थोरल्यांना पुन्हा उठावं लागलं. "तोंडओळख आहे."

बटणवाल्यांना ठसका लागला. धाकट्यांचे कान लाल झाले.

"बरं. यांचा पंप कसा आहे?"

थोरले घुटमळले. खोटं बोलून मोकळं होता आलं असतं. पण माणसांशी वाकड्यात शिरणारा हा गृहस्थ पंपांच्या बाबतीत सरळ होता.

"आवाज करत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमचा करतो." कुणीतरी खुसखुसलं. "हसू नका. भिंतीपलीकडे यांच्या पंपांची चाचणी चालते, तर अलीकडे कळतसुद्धा नाही. भिंतीला हात लावून बघावं लागतं, चालू आहे का ते."

"तुम्ही लावून बघता?"

"मालकाला शेजारी काय चाललंय ते माहीत नको?"

"रोज बघता?"

"रोज कशाला..." थोरल्यांनी कोटाचं बटण लावलं, सोडलं. "सकाळचं एकदा. नाही जाणवलं तर दुपारी परत. मधे पडसं झालं होतं यांना, तेव्हा आठवडाभर भिंत गारच होती."

धाकट्यांनी नखांवरून नजर उचलली.

"मग यांच्याकडून घेऊ म्हणता?"

"डोळे मिटून घ्या. वडिलांचा हात यांच्या हातात उतरलाय. माझ्या नाही उतरला." थोरले बसले आणि रुमालाने सगळं तोंड पुसून काढलं, जेवून उठल्यासारखं.

"छान, छान, पुढे चला," सचिव घाईने म्हणाले.

पुढची पाळी धाकट्यांची. त्यांच्या डावीकडे गादीवाले होते. ते टाय सारखा करून, चेहरा प्रसन्न ठेवून बसले. धाकटे उठले, त्यांच्याकडे बघत राहिले.

"माफ करा हं," ते म्हणाले. "तुमच्या गाद्या झकास आहेत. मी त्यांच्यावरच झोपतो." मग तिच्याकडे वळले. "मॅडम, नियम डावीकडच्याच माणसाचा ना?"

"हो."

"त्यात बदल नाही?"

"नाही," ती म्हणाली.

धाकट्यांनी आपल्या खुर्चीची पाठ धरली आणि थोरल्यांच्या मागून वळसा घालून ती त्यांच्या उजव्या बाजूला ओढत आणायला लागले. लोखंडी पाय फरशीवर करकरत होते. बटणवाले कुणी न सांगता खुर्चीसकट सरकले. सचिव अडवायला पुढे झाले, तर तिने त्यांची बाहीच धरली.

थोरल्यांनी मान वळवली नाही.

"फरफटत काय आणतोस रे?" ते म्हणाले. "उचल."

"हो दादा," म्हणत साठीला टेकलेल्या धाकट्या पंपवाल्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली.