पहिला नंबर

"वहिनी, तुमचं घर पहिलं! सबंध सोसायटीत सगळ्यात कमी वीज! युक्ती सांगा की." समोरच्या चौबळकाकू फलकावरचा वीजवापराचा तक्ता वाचून थेट आमच्याकडे आल्या होत्या.

आम्ही दोघी अंधारातच बसलो होतो. "युक्ती कसली?" आई म्हणाली. "हे गेल्यापासून टीव्ही लावावासा वाटत नाही. दोघींपुरतं वाटणघाटणही नको वाटतं."

दुसऱ्या संध्याकाळी काकू भिजवलेली डाळ घेऊन दारात उभ्या. "पुढच्या महिन्यात पहिला नंबर मला हवाय. तेव्हा आजपासून मिक्सर तुमचा, टीव्हीही तुमचा!" आईचा नाइलाज झाला. वडे तळले, मालिका लागली, तिच्यातल्या सासूला आई आणि काकूंनी मनसोक्त नावं ठेवली. मग ते रोजचंच झालं.

पुढच्या महिन्यात काकू पहिल्या आल्या, आमचं घर शेवटून दुसरं. "नंबर पळवलात हो माझा," आई त्यांना म्हणाली आणि हसली.

पाहुणे निघाले की बाबा दाराबाहेरचा दिवा लावायचे. त्या रात्री काकूंना फक्त समोरच्या दारात जायचं होतं, तरी आईने उठून तो लावला.