लेखकाचा परिचय

“अभिनंदन! पहिलं बक्षीस!” फोनवरच्या बाई म्हणाल्या, आणि सूनबाईच्या चिमट्यातला चष्म्याचा इवलासा स्क्रू उडून थेट कपाटाखाली गेला. गेला तर गेला! दुकानात ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला तिने खुर्ची दिली. “पाच मिनिटं बसा हं काका. आमच्या घरी आत्ताच एक लेखक जन्माला आलाय. वय वर्षं एकोणसत्तर.”

लेखक म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे जिने चढून विजेचे मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर कथा लिहायला घेतल्या. नऊ वर्षांत सव्वीस कथा लिहिल्या. सव्वीसच्या सव्वीस साभार परत. लिहिण्याचं खातं त्यांचं, पण स्पर्धा हुडकण्याचं खातं सूनबाईचं. रविवारच्या पुरवण्या, मासिकांची शेवटची पानं, फोनवरचे गट, कुठून कुठून ती जाहिराती शोधून आणायची. फ्रिजचं दार शेवटच्या तारखांनी आणि शब्दमर्यादांनी भरलेलं असे. नवऱ्याला दुधाचा हिशोब लावायला जागा उरली नव्हती. जे स्पर्धावाले आधी प्रवेश फी मागत आणि मग सगळ्यांनाच बक्षीस देत, त्यांना ती दारातूनच वाटेला लावी.

या वेळी मात्र बाबांनी जाहीर करून टाकलं होतं. “सूनबाई, ही शेवटची. सत्तरी लागली की पेन खाली. लोकांनी तरी किती दिवस परत पाठवायचं?” ते हसत म्हणाले होते, पण तिला ते हसण्यावारी नेता आलं नाही. सत्तरीच्या आत बाबांचं एकदा तरी छापून यायलाच हवं, असं तिने मनाशी घेतलं होतं.

स्पर्धेचा नियम सोपा होता. मोठ्या पाकिटात कथा, तिच्यावर नाव नको. आत एक छोटं बंद पाकीट, त्यात नाव, पत्ता, फोन नंबर यांची चिठ्ठी आणि वेगळ्या कागदावर लेखकाचा परिचय. छोटं पाकीट निकाल लागल्यावरच उघडणार. “माझी आरती मीच कशी ओवाळू?” बाबा म्हणाले. “परिचय तू लिही.” मग एका दुपारी तिने लिहायला घेतलं आणि थांबणंच जमेना. दहा ओळी हव्या होत्या, झाले चारशे शब्द. सकाळच्या घाईत, एक डोळा कुकरवर ठेवून, तिने सारखेच दिसणारे दोन्ही कागद पाकिटांत सारले आणि दुकानाला पळता पळता ओरडली, “बाबा, चिकटवून पोस्टात टाका!”

“आणि काय हो ते म्हातारबुवा!” फोनवरच्या बाई अजून बोलतच होत्या. “मीटर वाचायला जातात आणि जिन्याखाली पात्रं शोधत बसतात! सून चहात साखर घालायला विसरली की कथेतल्या नायिकेला टायफॉईड! परीक्षक हसून हसून बेजार. आणि शेवटी माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या अंकात छापतोय हं!”

सूनबाईचं हसू तोंडावरच थिजलं. बाबांच्या कथेत म्हातारा नव्हताच. एक शास्त्रज्ञ होता, आणि धुकं. भरपूर धुकं.

हे राम! कागदांची अदलाबदल झाली होती. परिचय मोठ्या पाकिटात आणि कथा छोट्यात. बाबांची शेवटची कथा, सहा महिने घासूनपुसून लिहिलेली, कुणी वाचलीसुद्धा नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती धावत घरी आली. बाबा खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत होते. चपला काढायचंही तिला सुचलं नाही.

“बाबा, बक्षीस लागलंय. पहिलं,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. “पण तुमच्या कथेला नाही. मी लिहिलेल्या परिचयाला. पाकिटं भरताना मीच घोळ घातला. मी आत्ता त्यांना फोन करते. म्हणते, तुमचं बक्षीस तुमच्याकडेच राहू द्या, पण आमच्या बाबांची कथा तेवढी वाचा.”

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग असे हसले, असे हसले, की त्यांना ठसकाच लागला. तिने पाणी आणून दिलं.

“अगं वेडे, मी छापून यायला हवं होतं ना? मग येतोय की! आख्खाच्या आख्खा येतोय, टायफॉईडसकट!”

सूनबाईने नाक पुसलं. मग तिचा हात पदरासकट तसाच थांबला. टायफॉईडचं तर ती अजून बोललीच नव्हती. परिचय तिने कुणालाच दाखवला नव्हता, नवऱ्यालासुद्धा.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “ते तुम्हाला कसं ठाऊक?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. शाळकरी पोराची चोरी पकडल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला होता, पण डोळे आनंदाने नुसते भरून आले होते.

“पाकिटं तू अगदी बरोबर भरली होतीस, पोरी,” ते म्हणाले. “चिकटवायच्या आधी मी दोन्ही कागद वाचले. त्यातला जो चांगला होता तो मोठ्या पाकिटात घातला, आणि छोट्यातल्या चिठ्ठीवर माझं नाव खोडून तुझं लिहिलं.”