दरवाजा उघडणारा

किल्ल्याखालच्या बाजारात टेलरला टेलर म्हणून कोणी हाक मारत नसे. "काय रे फितूर, पँट झाली का?" असंच चालायचं. कारण किल्ल्याच्या दरवाजाशी लावलेला फलक. गोऱ्यांच्या फौजेने वेढा घातला तेव्हा आतून दरवाजा उघडणाऱ्या फितूर पहारेकऱ्याचं नाव त्यावर आडनावासकट, ठळक अक्षरांत कोरलेलं होतं. तो पहारेकरी म्हणजे टेलरचा खापरपणजोबा.

मग संशोधन करणाऱ्या एका बाईंनी पुराव्यानिशी सिद्ध केलं, की वेढ्यात मुलं उपाशी मरत होती. त्यांना सुखरूप जाऊ देण्याचं वचन घेऊनच त्या माणसाने दरवाजा उघडला. मुलं वाचली, त्याला मात्र गोऱ्यांनी फासावर दिलं.

हे कळल्यावर फलक बदलून घेण्यासाठी टेलरने कचेरीत हेलपाटे घालून चपला झिजवल्या. "बघू." "साहेब रजेवर आहेत." "पुढच्या महिन्यात या." शेवटी तो टेबलावर हात आपटून ओरडला, "अहो, माझ्या पोरीला शाळेत फितुराची म्हणून चिडवतात! तुमचं काय जातंय?"

बऱ्याच दिवसांनी एकदाचा नवा फलक लागला. टेलर दुकान अर्धवट उघडं टाकून मुलीला घेऊन धापा टाकत वर चढला. "मोठ्याने वाच," तो म्हणाला. मुलगी वाचू लागली.


"मुलांचे प्राण वाचवण्यासाठी हा दरवाजा उघडणाऱ्या थोर वीराचे नाव इतिहासाला अज्ञात आहे."