न उघडलेल्यांची यादी

गुरुवारी संध्याकाळी आईबाबांच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती बसली होती, आणि बसल्या जागी तिचा पाय सारखा हलत होता.

"टेबल थरथरतंय," बाबा म्हणाले. "चहा सांडेल."

तिने पाय आवरला. बियाणं आणि बागेची अवजारं विकणाऱ्या एका कंपनीसाठी ती दर शुक्रवारी ईमेलने जाणारं पत्र लिहायची. गेल्या पत्राचा रिपोर्ट समोर होता. साहेबांचा निरोपही होता: सहा महिन्यांत ज्यांनी एकदाही पत्र उघडलं नाही, त्यांची नावं काढून टाक. ऑफिसात त्यांना 'मेलेली नावं' म्हणत. त्या यादीत बाबांचं नाव होतं.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. शाळेत ते कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊनही पाठ खुर्चीला टेकत नसे.

"कसले गं हे आकडे?"

"किती जणांना पत्र पोचलं, किती जणांनी उघडलं, आतली लिंक किती जणांनी दाबली."

"म्हणजे हजेरीच की. पण उघडलं म्हणजे वाचलं, हे कशावरून? माझ्या मैदानावर सगळे हजर असायचे. निम्मे उभ्या उभ्या झोपायचे."

तिला हसू आलं आणि मागोमाग राग आला. तुम्ही तर उघडतही नाही, हे शब्द ओठांपर्यंत आले. शाळेतली कायमची नोकरी सोडून तिने हे काम धरलं, तेव्हा "बघ बाई, तुझं तुला कळतं," एवढंच ते म्हणाले होते. त्यानंतर या कामाबद्दल चांगलं नाही की वाईट नाही.

"उद्याचं तयार आहे का?"

"आहे. सकाळी आपोआप जाईल."

"कशावर आहे?"

"वाचलंत की कळेल," ती फटकन म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले, आणि रिकामा कप उचलून आत गेले.

त्या रात्री झोपेतच ते गेले. सकाळी दारात माणसं जमत होती, तेव्हा पत्र ठरल्याप्रमाणे सगळ्यांना गेलं.

येणारीजाणारी माणसं पांगली, तरी तिला एका जागी बसवेना. कपाटं आवरून झाली, आवरलेली पुन्हा आवरून झाली. शेवटी आईच म्हणाली, "अगं, किती भिंगरीसारखी फिरशील? त्यांच्या शाळेतल्या मित्रांना कळवायचं राहिलंय. पत्ते टॅबवर आहेत, ते बघ."

तिने बाबांचा टॅब उघडला. पत्ते शोधायला मेलमध्ये शिरली, तर समोर तिचीच पत्रं, शुक्रवारामागून शुक्रवार. सगळी वाचून फिकी झालेली. फक्त शेवटचं ठळक.

तिने मधलंच एक उघडलं. टोमॅटोचा फोटो असायला हवा होता, तिथे करडा चौकोन होता. त्याखाली दुसरा चौकोन. मधे नुसता मजकूर. वर एक ओळ: चित्रं दाखवायची का?

पत्रात डोळ्यांना न दिसणारं टिंबाएवढं चित्र लपवलेलं असतं. ते वाचणाऱ्याच्या फोनवर उतरलं, की रिपोर्ट म्हणतो, उघडलं. चित्रं बंद असली, तर माणसाने पत्र तोंडपाठ केलं तरी रिपोर्टाला त्याचा पत्ता नसतो. हे ती ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आई, ही चित्रं कोणी बंद केली?"

"त्यांनीच. डोळ्याच्या ऑपरेशननंतर दुकानातून करून आणली. चित्रं उड्या मारतात म्हणायचे."

"आणि पत्रं... वाचायचे?"

"वाचायचे म्हणजे? शुक्रवारी तोंड धुतलं की आधी तेच. वर मला मोठ्याने ऐकवायचे. टोमॅटोला काठी कधी लावायची, मिरचीला पाणी किती घालायचं, सगळं मला पाठ झालंय. आणि घरात एक कुंडी असेल तर शपथ!"

"मग मला कधी बोलले का नाहीत?"

आईच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन थांबली.

"मी म्हणायचे, अहो, सांगा तिला. तर म्हणे, मास्तर बघतोय हे कळलं की पोरं पाय जपून टाकतात आणि तिथेच अडखळतात. चालू दे तिला मोकळी."

ती खुर्चीत बसली. ऑफिसातली यादी अजून तशीच पडून होती. त्यात असे आणखी किती जण असतील, कोण जाणे.

तिने शेवटचं पत्र उघडलं. तेच करडे चौकोन, वर तीच विचारणा. एक बोट टेकवलं, तर उद्याच्या रिपोर्टात बाबांचं नाव उघडलेल्यांत दिसलं असतं. तिने बोट मागे घेतलं.

मग तिने पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं. आई चादर मांडीवर घेऊन ऐकत राहिली. एके ठिकाणी वाक्य लांबलं होतं, तिथे तिला दम घ्यावा लागला. वाचून संपल्यावर तिने टॅब हलकेच टेबलावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "रिपोर्ट आला की मी आधी तुमचंच नाव शोधायचे."