पाचवी तार

प्रवचन संपवून पास्टरांनी वेदीपुढे लोकांकडे तोंड करून खुर्ची मांडली. प्रभूकडे परतणारा कोणी तिच्यावर येऊन बसेपर्यंत आम्ही वादकांनी मागे वाजवत राहायचं. आई गेल्यापासून चर्चला न आलेले डॅडी आज माझी बास गिटार ऐकायला शेवटच्या बाकावर बसले होते. मी पाचवी, सगळ्यांत जाड तार छेडत राहिले. तिचा सूर पोटात घुमतो. मला मात्र काहीच जाणवत नव्हतं, बोटंसुद्धा. "पोरी, थांब. कोणी येत नाहीये, आणि खालच्या हॉलमध्ये जेवणातली कोंबडी गार होतेय," ऑर्गनवरचे ब्रदर क्लीव्हन कुजबुजले. "मग तुम्ही जा ना जेवायला." त्यांनी पट्ट्यांवरून हात काढले, मी एकटीच वाजवत राहिले. तेवढ्यात डॅडी उठले, पुढे आले. खुर्ची उचलून माझ्याशेजारी आणली आणि ते बसले. "अहो, ती तिकडेच हवी," पास्टर म्हणाले. "तिथे बसलं की लेकीकडे पाठ होते," डॅडी म्हणाले.