ओरडण्याची तालीम

"अहो, ओरडा," ती म्हणाली.

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं नाही. समोर शाळेच्या बाईंचं जुनं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं, चिमट्यात त्याचा एक स्क्रू होता आणि दुकानाच्या मधोमध बायको नवे बूट घालून ताठ उभी होती. बूट पायात रुळावेत म्हणून गेला पंधरवडा ती तेच घालून शाळेची बस चालवत होती, भाजी आणत होती, दारात बसून तांदूळही निवडत होती.

"सावधान," तो म्हणाला, आणि सवयीने पुढे जोडलं, "होतेस का जरा?"

"याला ओरडणं म्हणतात?"

तिचं नाव राखीव फौजेत लागलं होतं. एरवी आपापली नोकरी करायची आणि गरज पडली की वर्दी चढवायची, अशी ती फौज. त्यांना मोठ्या गाड्या चालवणारी माणसं हवी होती. पण त्याआधी प्रशिक्षण, आणि त्यासाठी उद्या सकाळीच निघायचं होतं. धावण्याची, दंड-बैठकांची, सगळी तयारी झाली होती. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. बसमधल्या दंगेखोर पोरांना एका हाकेत गप्प करणाऱ्या या बाईवर दुसऱ्या कुणी आवाज चढवला, की तिच्या डोळ्यांना धार लागायची. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरने 'श्वास रोखा' एवढंच जरा जोरात म्हटलं, तर ही रडायला लागली आणि तो बिचारा तिला कुठे दुखतंय ते शोधत बसला. तिथे तर उठल्यापासून कुणी ना कुणी अंगावर ओरडणार. पहिल्याच दिवशी चारचौघांत शोभा होईल आणि आपल्याला घरी पाठवतील, अशी धास्तीच तिने घेतली होती.

त्यावर तिने शोधलेला उपाय म्हणजे रोज नवऱ्याकडून ओरडून घ्यायचं. आणि नवरा कोण, तर ज्याने उभ्या आयुष्यात मांजरालाही मोठ्याने शुकशुक केलं नव्हतं. तशी त्याची काही चूक नव्हती. घड्याळाचे स्क्रू इतके बारीक, की उसासा टाकला तरी उडून जातात. वडिलांनी त्याला आधी श्वास धरायला शिकवलं, चिमटा हातात नंतर दिला. दुकानात तो ओठांतल्या ओठांत बोलायचा, आणि दुकान बंद केल्यावरही त्याचा आवाज काही मोकळा व्हायचा नाही.

"मी बघू का?" शेजारचा शिंपी दारात येऊन मजा बघत होता. त्याने खणखणीत आवाज लावला. "ए, मान वर! पाय जुळव!"

तिने मान वर केली, तोवर नाकाचा शेंडा लाल झाला होता. मग दोन्ही गालांवरून पाणी ओघळलं.

"वहिनी, मी आपलं गमतीने..." म्हणत शिंप्याने आपल्या मशीनकडे पळ काढला.

"बघितलंत?" तिने बाहीने डोळे पुसले आणि ती टेबलापाशी येऊन ओणवी झाली. "उद्या हेच होणार. एवढं माझं काम करा. एकदा मनापासून ओरडा."

तिने जाऊ नये असं घड्याळजीला फार वाटत होतं. आणि तिला परत पाठवलं तर ती किती खचेल, हेही तोच जाणून होता. त्याने स्क्रू बशीत ठेवला, चिमटा बाजूला केला आणि छाती भरून घेतली.

"मूर्ख बाई," तो म्हणाला. "म्हणजे, तू नाही."

तिला फिस्सकन हसू फुटलं. ती सगळी फुंकर थेट बशीत. स्क्रू उडाला, टेबलाच्या कडेवर टिचकन आपटला आणि खाली कुठेतरी गेला. त्या घड्याळाला बसेल असा दुसरा स्क्रू आता कुठेच मिळत नव्हता. अगं बाई, म्हणत ती मागे सरायला निघाली.

"हलू नकोस! पाय आहे तिथेच ठेव!"

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं.

"कोण ओरडलं?" शिंप्याने विचारलं.

"आमचे हे," ती मान न हलवता म्हणाली. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

घड्याळजी गुडघ्यांवर उतरला. फरशी चाचपत चाचपत तो तिच्या बुटांपर्यंत आला. वर बघायचा त्याला धीर होईना. मग त्याने बघितलंच. हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. डोळे ठणठणीत कोरडे.

"अहो, मी रडले नाही."

"दिसलं मला."

"म्हणजे जमेल मला तिथे."

"जमेल," तो म्हणाला. त्याला आनंद झाला, अगदी खरा आनंद. आणि उद्या या वेळी हे बूट या फरशीवर नसतील, हेही त्याला तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं.

स्क्रू डाव्या बुटाच्या टाचेशीच पडला होता. त्याने तो बोटाच्या टोकाने टिपून घेतला आणि मूठ मिटली.

"मिळाला का हो? हलू मी?"

तो उठला नाही. दुसऱ्या हाताने फरशी चाचपत राहिला.

"हलू नकोस," तो म्हणाला, नेहमीच्या त्याच हळू आवाजात. "शोधतोय अजून."