झोपाळू नीलम्मा

नांदूरघाटचा किराणा दुकानदार रेवणप्पा गिऱ्हाइकांना हसून सांगायचा, "आमची नीलम्मा भरदुपारी गल्ल्यावर डुलक्या घेती. लई झोपाळू बाई!"

रोज सकाळी डोकं जड होतं म्हणून तो बायकोला, नीलम्माला, घेऊन औरंगाबादला दाखवायला गेला, तर डॉक्टरांनी त्याला मशीन सांगितली. "झोपेत तुमचा श्वास थांबतो. ही लावूनच झोपायचं. पन्नास हजार. विमा आहे?"

"हाय की, दोन पॉलिशा."

"त्या मेल्यावरच्या. दवाखान्याचा?"

"तसला न्हाई." दुकानात थंड बाटल्यांचा फ्रीज घ्यायला साठवलेले पैसे तेवढेच होते. रेवणप्पा उठला. "ऱ्हाऊ द्या सायेब. इतकी वर्षं काय झालं का मला?"

डॉक्टरांनी नीलम्माकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "ह्यांचा दम अडकला की मी हलवून कुशीवर वळविते. धाकटीच्या बारशापासनं. आता बारा वर्षांची हाय ती."

रेवणप्पा परत खुर्चीत बसला.

"फ्रीज बघू पुढच्या उन्हाळ्यात. मशीन द्या."

"पावती कोणाच्या नावानं?"

"नीलम्माच्या," तो म्हणाला. "झोप तिची ऱ्हायलीय."